दारातला पहारा

सोमवार, ४ मार्च

आज ह्यांनी शाळेच्या बाईंना दारात अडवलं आणि त्यांचं मनगट धरून ठेवलं. सोडेचनात. बाई स्कर्टची उंची कमी करून घ्यायला आल्या होत्या. दरवर्षी येतात, त्यांना आमच्या घरची रीत ठाऊक आहे. हसत म्हणाल्या, "काका, आजचा शब्द मुळा!" असं काहीबाही म्हटलं की हे खो खो हसून बाजूला व्हायचे. आज हसले नाहीत. "शब्द," एवढंच म्हणाले. बाईंनी भोपळा म्हणून पाहिलं, मांजराच्या मिशा म्हणून पाहिलं, मग त्यांचं हसू ओसरलं. मी मशीनवरून उठून येईपर्यंत त्यांच्या हातावर लाल वळ उठले होते.

ह्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. "असू दे हो, वय झालं आता," असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण स्कर्ट न ठेवताच गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज काय होतं ते लिहून ठेवा, मला औषध ठरवायला बरं पडेल. पण नुसतं दुखणंच लिहायचं तर मी आठवड्याभरात वही फेकून देईन. तेव्हा ह्यांच्या गमतीही लिहिणार आहे. डॉक्टरीणबाईंना नको असतील तर त्यांनी ती पानं उलटावीत. ह्यांच्या लक्षात आता त्यातलं काही उरलं नाही, आणि माझं डोकं तरी किती दिवस साथ देणार?

बुधवार, ६ मार्च

आज दिवसभर शांत होते. दोन विजारींच्या चेन बसवून झाल्या. एवढ्यात कामं कमीच येतात.

शब्दाची गोष्ट लिहून टाकते. लढाईवरून परत आले त्या वर्षी ह्यांनी ही रीत पाडली. घरात शिरायचं तर दारात शब्द सांगायचा. शब्द रोज नवा आणि तो फक्त ह्यांनाच माहीत. म्हणजे कुणालाच सांगता यायचा नाही. मग दुसरी अट, शब्द येत नसेल तर पहारेकऱ्याला हसवा आणि आत या. मुलं शाळेतून आली की दारात एकच कल्ला. धाकटा हातांवर उभा राहायचा. थोरली माझी नक्कल करायची, आणि दरवेळी तीच पहिली आत यायची, हे मला अजूनही पचलेलं नाही. जावईबापू पहिल्यांदा घरी आले तेव्हा कोट घालून, फुलं घेऊन आले होते. त्यांना चार वेळा कोंबड्यासारखं आरवायला लावलं. चौथ्यांदा ते खरंच चांगले आरवले. "मुलगी दिली!" असं हे खिडकीतून ओरडले, तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली होती.

गिऱ्हाइकांनाही सोडायचे नाहीत. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानाचं आणि घराचं पुढचं दार एकच. मी चिडायचे, की लोक दुसरीकडे जातील. पण लोक मुद्दाम धडकी बटणं तोडून यायचे असा मला संशय आहे.

लढाईत ह्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. "सरकारजमा झाली," म्हणायचे. मुलांना रोज वेगळी हकिकत. कधी उंदराने पळवली, कधी सेनापतीने उसनी मागून नेली आणि परत द्यायला विसरला. पुढे शाळेची बस चालवायचे, तेव्हा सगळ्या बसला ती बोटं पाठ होती. रडत चढलेलं पोर हसत उतरलं नाही असं कधी झालं नाही म्हणतात. माणूस घरी आला की घर भरायचं. आता तेच माझ्या मागे त्या खुर्चीत बसलेत, दाराकडे तोंड करून, आणि मला घर मोकळं वाटतं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरं आहे.

रविवार, १० मार्च

थोरली आली होती. तिला दारात शब्द विचारला नाही, कारण ती आली तेव्हा हे आंघोळीला होते. बाहेर आले आणि तिला म्हणाले, "मशीन दुरुस्त करायला आलात का?" ती हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली. नळ सोडला की आईला ऐकू येत नाही, असं तिला लहानपणापासून वाटतं.

तिने म्हाताऱ्या सैनिकांच्या निवासाबद्दल विचारून ठेवलंय. एक खोली रिकामी होतेय. बाग आहे, नर्स आहेत, दाराला बाहेरून कुलूप असतं.

"कुलूप कशाला?" मी विचारलं.

"आई, तू मुद्दाम वेड पांघरू नकोस. त्या बाईंचा हात मोडला असता तर?"

"मोडला नाही ना?"

"उद्या तुझा मोडेल."

"माझा कशाला मोडतील? मला ते विचारतसुद्धा नाहीत. मी आपली येते-जाते. घरची माणसं ओळखतात ते."

थोरली माझ्याकडे बघतच राहिली. ती घरची नव्हे का, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. शेवटी तिनेच अट घातली. ज्या दिवशी बाबा तुलासुद्धा आत घेणार नाहीत, त्या दिवशी हट्ट सोडायचा आणि मी म्हणेन ते करायचं. मी म्हटलं कबूल. मनात म्हटलं, तो दिवस येतोय कशाला.

ती गेल्यावर मात्र मशीनवर जाऊन नुसतीच बसले. ह्यांच्याशिवाय या घरात मी करू काय? मशीन चालवू? कुणासाठी?

शुक्रवार, १५ मार्च

आज एक प्रयोग केला. ह्यांना त्यांचीच गोष्ट सांगितली. पळीची.

पळी म्हणजे ह्यांच्या तुकडीतला स्वयंपाकी. काटकुळा आणि डोकं मोठं म्हणून पळी. गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पळी दुपारी डबे घेऊन ओढ्यावर पाणी आणायला जातो, तिकडेच झाडाखाली झोपतो, आणि तिन्हीसांजेला परत येतो. पहाऱ्यावर हे. "कोण आहे?" "मी पळी!" "शब्द?" पळी कालचा शब्द सांगतो. "चूक!" मग पळी सगळ्या भाज्यांची नावं घेतो, आपल्या पाच मावश्यांची घेतो, शेवटी वैतागून अंधारात उभ्या उभ्या पाळणा म्हणायला लागतो. ह्यांना हसू आवरत नाही, बंदूक हातातून पडते, आणि पळी आत येतो. डब्यातलं सगळं पाणी हसून हसून सांडलेलं. हे पळीचा आवाज काढायचे ना, चिरका, रडवेला, तेव्हा मुलं लोळायची. "मग पुढे पळीचं काय झालं?" मुलं विचारायची. "पुढे काय, पुढे तो जाड झाला," असं हे सांगायचे आणि उठून हात धुवायला जायचे.

तर मी आज तीच गोष्ट सांगितली, आवाजबिवाज काढून. मला ह्यांच्यासारखं जमत नाही, पण पाळणा बरा म्हणते. हे अगदी मन लावून ऐकत होते. एकदाही हसले नाहीत. पाळणा संपला तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "मग?"

"मग काय? घेतलंत ना त्याला आत."

"घेतलं?"

"हो तर."

"नक्की? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मला अहोजाहो करत होते. मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत. शंभर वेळा." त्यांनी माझा हात सोडला, खुर्ची अजून दाराजवळ सरकवली आणि जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत. माझं सांगणंच चुकलं असेल. विनोद दुसऱ्याच्या तोंडून हमखास पडतो.

सोमवार, १८ मार्च

दोरे संपले होते म्हणून कोपऱ्यावर गेले. दहा पावलांवर दुकान. परत आले तर दार आतून लावलेलं.

"शब्द."

"अहो, मी आहे."

"शब्द."

मी आधी हसले. मग आरवले. या वयात, भर दुपारी, हातात दोऱ्यांची पिशवी घेऊन. मग थोरली करायची तशी माझीच नक्कल केली, कमरेवर हात ठेवून, "घरात पाय पुसून या, मी मोलकरीण नाही कुणाची!" पूर्वी यावर ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आज कडी निघाली नाही. फटीतून दिसत होतं, छत्री खांद्याला लावून उभे होते. ह्यांच्या तोंडावर इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती. माझी भीती. मी ह्यांना भिववते आहे, हे पाहून मला तिथेच बसावंसं वाटलं.

मी गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. शिरले म्हणजे आत आले. अट मोडली असं कुणी म्हणू शकत नाही. थोरलीला फोनवर म्हटलं, सगळं ठीक, दोरे आणले.

मंगळवार, १९ मार्च

विचार करून ठरवलं. हे खरा शब्द मागतायत. तो जर मिळाला तर सगळा तिढा सुटेल. लंबू भावजींना फोन केला. ह्यांच्या तुकडीतले आता तेवढेच उरलेत. आमच्या लग्नात, धाकट्याच्या बारशाला, कुठेच कधी आले नाहीत. सणवार सोडा, साधा चहाला नाहीत. हे त्यांना नेहमी बोलवायचे आणि ते नेहमी यायला निघून रस्ता चुकायचे. मी म्हटलं, "भावजी, यावेळी चुकू नका. गरज आहे."  मग म्हणाले, "येतो."

मला आज खूप दिवसांनी भूक लागली.

शनिवार, २३ मार्च

लंबू भावजी आले. लंबू कसले, वाकून माझ्याएवढे झालेत. ह्यांनी दारात शब्द मागितलाच नाही. उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि विचारलं, "पळी आला का?"

भावजींनी टोपी काढली. "येतोय," म्हणाले. "मागून येतोय."

मला इतका आनंद झाला! जुने दोस्त भेटल्याबरोबर गोष्टीला सुरुवात. मी चहा टाकायला आत पळाले. परत आले तर दोघं शेजारी शेजारी बसलेले, दाराकडे बघत.

हे डुलकी घ्यायला गेल्यावर मी भावजींना कामाचं विचारलं. आधी सगळी हकिकत सांगितली, मुळा, भोपळा, जावयाचं आरवणं. पळीची गोष्ट तर पाळण्यासकट म्हणून दाखवली. भावजी हसले नाहीत. कानाने कमी ऐकू येत असेल म्हणून पाळणा परत मोठ्याने म्हटला.

"पुरे, वहिनी," ते म्हणाले. "ही गोष्ट तो सांगतो? लोकांना?"

"सगळ्यांना! बसमधल्या पोरांनासुद्धा. हीच तर ह्यांची सगळ्यात लाडकी."

त्यांनी कप खाली ठेवला. 

"मला फक्त तेव्हाचा शब्द सांगा," मी म्हटलं. "तो सांगितला की मला आत घेतील."

"शब्द आठवत नाही."

"प्रयत्न तरी करा."

"वहिनी, त्या दिवशी शब्द दुपारी बदलला. पळी पाण्याला गेला होता. बदललेला शब्द त्याला ओढ्यावर जाऊन सांगायचा होता. ते काम मला दिलं होतं. ऊन फार होतं, मी म्हटलं, येईलच तो, आल्यावर सांगू." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तुमच्या नवऱ्याची चूक नाही. त्याला लाख वेळा सांगितलं. पहाऱ्यावर माणूस दुसरं काय करणार?"

मी म्हटलं, "भावजी, एवढं कशाला मनाला लावून घेता? बिचारा उभा राहिला असेल थोडा वेळ अंधारात. शेवटी घेतलंच ना आत."

ते माझ्याकडे असं बघायला लागले की मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. चहा अर्धा टाकून गेले. जाताना माझ्या पाया पडले. ते माझ्याहून सहा वर्षांनी तरी मोठे असतील! म्हातारपणी माणसं विचित्र होतात. शब्द मिळाला नाही तो नाहीच.

रविवार, २४ मार्च

शेजारणीने चुगली केली. मागच्या दाराने जाताना तिने मला पाहिलं होतं. थोरलीचा फोन. ओरडली नाही, तेच वाईट. "आई, खोली गुरुवारपर्यंत धरून ठेवतील. मंगळवारी दुपारी मी फोन करीन. पुढच्या दाराने जा, आणि काय होतं ते खरं सांग. मागचं दार म्हणजे फसवणूक. तू आम्हाला असं शिकवलं नाहीस."

मी हो म्हटलं. मग ह्यांच्याजवळ जाऊन बसले. "अहो, मी कोण?" विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. मला वाईट वाटू नये म्हणून करत होते, हे दिसत होतं. शेवटी म्हणाले, "तुम्ही फार चांगल्या आहात."

देवा, याच्यापेक्षा एक शिवी दिली असती तरी चाललं असतं.

मंगळवार, २६ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

सकाळपासून नळ कोरडा होता, गल्लीत पाइप दुरुस्ती चालली होती. म्हणून दुपारी शेजारणीच्या पिंपातून दोन डबे पाणी भरून घेतलं. पाणी तर आणायचंच होतं, आणि एकदा बाहेर पडलेच आहे तर पुढच्याच दाराने जाऊ, आज काय तो सोक्षमोक्ष लागू दे, असं ठरवलं. दार बंद होतं.

"कोण आहे?"

"मी."

"शब्द."

मी काही गंमत केली नाही. माझ्यात ती शक्ती नव्हती. डबे खाली ठेवले तर परत उचलता येणार नाहीत, म्हणून हातातच धरून उभी राहिले. म्हटलं, "अहो, पन्नास वर्षं या घरात काढली मी. तुमची दोन मुलं वाढवली. तुमच्या सगळ्या विजारी मी उसवल्या आणि शिवल्या. आत घ्या मला."

"शब्द."

मग मला रडू फुटलं. भर रस्त्यात. पाइपवाले काम थांबवून बघत होते. मी ओरडले, "माहीत नाही मला शब्द! कुणी सांगितलाच नाही मला! मी पाणी आणायला गेले होते, मला कसा माहीत असणार?"

कडी निघाली.

दार पुरतं उघडायच्या आत ह्यांनी मला आत ओढलं. डबे पडले, पाणी सगळ्या खोलीभर, कापडांच्या गठ्ठ्यांखालीसुद्धा. "आलास?" म्हणत होते. "आलास रे?" माझ्या पोटावरून, बरगड्यांवरून हात फिरवत होते, घाईघाईने, काहीतरी शोधल्यासारखे. पुन्हा पुन्हा आपला तळवा बघत होते. "कुठे लागलं? दाखव. कुठे लागलं तुला?"

"कुठे नाही लागलं," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"नाही. धड आहे मी."

तसे त्या पाण्यात मटकन बसले आणि रडायला लागले. मी ह्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. मी पदराने तोंड पुसलं तर माझा हात दोन्ही हातांनी धरला. "मला वाटलं, पळी, मला वाटलं…" एवढंच म्हणत राहिले.

म्हणजे मला पळी समजत होते. पळीला आत घेतात हे तर आम्हाला पाठ आहे, पण गोष्टीत हे हसतात. रडतात कुठे? आणि लागायचं काय? मला लंबू भावजींना विचारायला हवं. नको. नाहीच विचारायचं. जे मला पाठ आहे तेच राहू दे.

थोड्या वेळाने शांत झाले. मी कोरडे कपडे दिले ते गपचूप घातले. आणि मग, इतक्या महिन्यांनी, माझ्याकडे बघून हसले. तेच हसणं, डावा डोळा बारीक करून. मी ज्या हसण्यासाठी काल जीव टाकला असता ते. जवळ बोलावलं, माझ्या खांद्यावर हात टाकला, दोस्ताच्या टाकतात तसा, आणि हळूच म्हणाले, "घरी बायको आहे माझी. फार हसरी आहे. तिला यातलं काही सांगू नकोस हं."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"शपथ?"

"शपथ."

मग पाय लांब करून झोपले, दाराकडे पाठ करून.

मी जमीन पुसत असताना थोरलीचा फोन आला. तिने विचारलं, "गेलीस का पुढच्या दाराने?" मी म्हटलं, गेले. "दार उघडलं?" मी म्हटलं, उघडलं. ती सुटकेने श्वास सोडायला लागली होती. खोटं बोलावंसं वाटलं. दार उघडलं होतं, मी आत होते, फडकं माझ्याच हातात होतं.

"म्हणजे आत घेतलं तुला?"

"मला नाही घेतलं," मी म्हटलं. "गुरुवारी गाडी घेऊन ये."